उतरणीचा वारा

डोंगरावरून येणारा वारा गार असतो, हे हुंबरण्याच्या माणसाला कुणी शिकवावं लागत नाही. गाव घाटाच्या पूर्वेच्या पायथ्याशी आहे. उन्हाळ्यात दिवसभर तापून निघायचं आणि चार वाजले की पश्चिमेकडे तोंड करून बसायचं, एवढाच इथला कार्यक्रम. समुद्रावरून निघालेला वारा कोकण ओलांडतो, भैरवमाथ्यावर चढतो आणि दुपार कलली की गावात उतरतो. त्याच्यासाठी इथल्या प्रत्येक घराला पश्चिमेच्या भिंतीत एक खिडकी असते. घर पत्र्याचं असो की स्लॅबचं, ती असतेच. तिला घाटखिडकी म्हणतात. मुलगी बघायला आलेल्या पाहुण्यांनाही तिच्यासमोरच बसवतात. वारा चांगला लागला की स्थळ जमतं, असा गावाचा समज आहे. न जमलेल्या स्थळांबद्दल अर्थातच कुणी बोलत नाही.

मुरलीधर बारटक्के, म्हणजे सगळ्यांचे आण्णा टेलर, यांचं दुकान आणि घर एकच होतं. शिलाई मशीन बरोबर घाटखिडकीसमोर. भिंतीला एक मोठा खिळा, त्यावर ब्लाउजच्या आणि झबल्यांच्या मापांचे कापलेले कागद टोचलेले. चार वाजले की ते कागद फडफडायला लागायचे आणि आण्णा मशीनवरून मान न उचलता म्हणायचे, "आला." बायको गेल्यानंतर ते हे भिंतीला म्हणायचे, एवढाच फरक.

त्यांची एकुलती एक मुलगी मयूरी. ती हवेची शास्त्रज्ञ झाली, हे आण्णांना फारसं आश्चर्याचं वाटलं नव्हतं. ज्या घरात रोज वाऱ्याची वाट बघतात, तिथली पोरगी दुसरं काय होणार!

पुढे जे झालं त्याची सुरुवातही याच मशीनवर झाली. मयूरी तेव्हा पुण्याला एका प्रयोगशाळेत होती. धरणं होळीच्या आधीच तळ दाखवायला लागली होती, शहरांना दिवसाआड, मग आठवड्याआड पाणी येत होतं आणि मयूरीच्या डोक्यात एक वेडी कल्पना घुसली होती. एका रविवारी ती छत्रीच्या कापडासारखं पातळ, बुळबुळीत कापड घेऊन घरी आली.

"आण्णा, याचा असा पडदा शिवायचाय, की समोरून वारा आला की तो अडता कामा नये. वर चढला पाहिजे."

आण्णांनी कापड बोटांत चोळून बघितलं. सुईखाली ते घसरत होतं, म्हणून त्यांनी खाली वर्तमानपत्राचा कागद घालून त्यावर टीप मारली आणि नंतर कागद फाडून काढला. टेबलाएवढा पडदा तयार झाला. शिवता शिवता त्यांनी विचारलं, "पर वारा वर चढवून करनार काय?"

मयूरीनं कोपऱ्यातला सायकलचा पंप घेतला, तोंडाशी बोट दाबून दोन-चार वेळा मारला आणि त्यांच्या हातात दिला. "तापला की नाही?"

"घासून तापतोय."

"थोडा घासून. पण खरं म्हणजे आत हवा दाबली जाते, म्हणून. दाबली की तापते, पसरली की गार होते. वर डोंगरावर हवेवरचा दाब कमी असतो. म्हणून वर चढणारी हवा पसरते आणि गार होते. एक किलोमीटर चढली की साधारण दहा अंश. गार होता होता तिच्यातल्या वाफेचं पाणी व्हायला लागतं. तोच ढग. आपला डोंगर थोडा बुटका पडतो, आण्णा. उन्हाळ्यात वारा त्याच्यावरून जातो तेव्हा ढग होता होता राहतो. डोंगर अजून एक किलोमीटर उंच असता, तर मे महिन्यातसुद्धा पाणी मिळालं असतं."

"म्हंजे तू डोंगराला ठिगळ लावनार."

"ठिगळच म्हणा. डोंगरावर पडद्याचा डोंगर. आणि गंमत म्हणजे एकदा ढग व्हायला लागला, की हवा दहा अंशांनी गार होत नाही, पाचच अंशांनी होते. वाफेचं पाणी होताना वाफ आपल्यातली ऊब सोडते. ती हवेलाच मिळते."

"आन उतरताना?"

"उतरताना तिच्यात पाणी नसतं. आपण वरच काढून घेतलेलं असतं. त्यामुळे उतरताना दहानंच तापते."

आण्णांनी दोरा दातानं तोडला. "म्हंजे ओझं वर ठिवून मोकळा येतोय. मग पळतच यील की गडी!"

दोघंही हसले. चढताना पाच आणि उतरताना दहा, हा सगळा घोटाळा त्या दोन वाक्यांत त्यांच्यासमोर मांडून ठेवला होता. पण मयूरीच्या डोळ्यांपुढे पाणी होतं आणि आण्णांच्या डोळ्यांपुढे मयूरी. दोघांनीही तो तिथंच सोडला.

पाच-सहा वर्षांत भैरवमाथ्यावर खरा पडदा उभा राहिला. फुग्यांच्या रांगेनं वर धरलेलं, किलोमीटरभर उंचीचं राखाडी कापड. समुद्राचा वारा त्यावरून चढायचा, त्याचा ढग व्हायचा, ढगाचे थेंब कापडाच्या विणीत अडकायचे आणि खालच्या पन्हळीत धो धो पाणी उतरायचं. ऐन मे महिन्यात, आकाश निळंशार असताना! पठारावरच्या दोन शहरांच्या नळांना त्याची धार लागली. हुंबरण्यालाही रोज पाणी आलं. उद्घाटनाला आण्णा नवा शर्ट शिवून, घालून गेले होते आणि दिसेल त्याला सांगत होते, "पडद्याचा पयला टाका माझा." एका मंत्र्यालाही त्यांनी ते सांगितलं. मंत्री म्हणाले, वा वा.

मग चार वाजले आणि गावात वारा उतरला.

पहिल्या दिवशी कुणाच्या लक्षात आलं नाही. चार-सहा दिवसांनी लोक घाटखिडकीतून उठून आत जाऊन बसायला लागले. पूर्वी दुपारी बेचाळीस असलं, तरी वारा आला की पारा चौतिसावर यायचा. आता वारा यायचा, पण पारा हलायचा नाही. जोराचा वारा असला, तर उलट चढायचा. पडद्यानं वाऱ्यातलं पाणी काढून घेतलं होतं, पण त्या पाण्यानं सोडलेली ऊब वाऱ्यातच राहिली होती. ती घेऊन तो मोकळा गडी उतारावरून पळत येत होता.

मयूरीनं मोजमापं केली आणि तिची झोप उडाली. वारा पूर्वीपेक्षा सात अंशांनी गरम. आणि नुसते सात अंश नव्हेत. अंगापेक्षा गार वारा असेल, तर तो अंगातली उष्णता घेऊन जातो; अंगापेक्षा गरम वारा ती आणून ओततो. शिवाय हा वारा एवढा कोरडा, की घाम फुटल्या फुटल्या वाळून जातो. माणसाला वाटतं, आपल्याला घामच येत नाही, म्हणजे फार काही गरम नाही. आतून तो सुकत चाललेला असतो.

पडदा काढून टाका, असं म्हणायची तिची हिंमत झाली नाही. दोन शहरं त्या पाण्यावर होती. तिनं दुसरी वाट काढली. घरांच्या भिंती जाड असतात, पहाटेचा गारवा त्यांच्यात टिकतो. वारा आत घेतला नाही, तर घर दुपारभर पस्तिसाच्या आत राहतं. म्हणजे चारच्या आधी घाटखिडक्या बंद झाल्या पाहिजेत. प्रकल्पाच्या मंडळाशी ती महिनाभर भांडली आणि तिनं नियम लिहून घेतला: पायथ्याच्या एका जरी घराची घाटखिडकी उघडी असेल, तर त्या दिवशी पडदा चढणार नाही. प्रत्येक गावात एका माणसानं फेरी मारायची आणि वर कळवायचं. निरोप आल्याशिवाय कळ दाबायची नाही.

हुंबरण्याची फेरी साहजिकच आण्णांकडे आली.

वाऱ्याच्या वेळेला खिडकी लावायची, हे गावाच्या पचनी पडणं कठीण होतं. पारावर रोज त्याचीच चर्चा.

"आण्णा, तुमच्या मयूनं डोंगराला भट्टी लावलीया," दामू न्हावी म्हणायचा.

"पानी पेताना बरं भट्टी आठवत न्हाय तुला."

"पानी ग्वाड हाय की. वाऱ्याचं बोलतोय मी. इस्त्रीवानी लागतोय अंगाला."

"काय गरम-बिरम न्हाय. हाय तसाच हाय वारा. तुमचीच अंगं मऊ झाल्यात."

"मग खिडक्या कशापायी लावून घेताय आमच्या?"

यावर आण्णा उठून फेरीला लागायचे. कुणाची कडी तुटलेली असेल तर तार बांधून द्यायचे, कुणाचं दार फुगलेलं असेल तर ठोकून बसवायचे. म्हातारी माणसं कटकट करायची, त्यांना हाताला धरून आतल्या खोलीत बसवायचे. गाव त्यांचं ऐकायचं, कारण आण्णांच्या हातचे कपडे अंगावर नाहीत असा माणूस गावात सापडला नसता.

मयूरी आता वरच, भैरवमाथ्यावर राहत होती. पडदाप्रमुख झाली होती. कळ तिच्या हाताखाली. चैत्र सरता सरता ती एकदा खाली आली, तेव्हा आण्णा अंगानं उतरलेले दिसले. गेल्या वर्षी त्यांच्या हृदयाच्या नळीत स्प्रिंग बसवली होती. उन्हात जायचं नाही, तापायचं नाही, असं डॉक्टरांनी बजावून सांगितलं होतं.

"आण्णा, माझ्याकडे वर चला. वर सव्वीसच्या पुढे पारा जात नाही. रात्री तर पांघरूण लागतं."

"आन दुकान?"

"उन्हाळ्यापुरतं बंद ठेवा."

"लग्नसराईत? लोकं नागडी जातील व्हय लग्नाला?"

"चेष्टा करू नका. मला रात्रंदिवस तुमचीच काळजी लागते."

आण्णा मशीनचं चाक हातानं फिरवत राहिले. मग हळूच म्हणाले, "मयू, मी वर आलो तर गाव काय म्हनंल? लेकीनं बापाला गारव्याला न्हेलं आन आमाला भाजत ठिवलं. म्हनतीलच. आन खरं आसंल ते. तू मान खाली घालून या गावात यावंस, हे मला न्हाय चालायचं."

मयूरीला रडू आलं, आणि रागही. "मग निदान खिडकी तरी लावत जा. स्वतःची. शपथ घ्या."

"लावतो की. गावाच्या लावतो, माझी न्हाय का लावनार?"

तिनं स्वतः उठून घाटखिडकीची कडी बघितली. तेलपाणी केलेली, नीट लागत होती. तिचं समाधान झालं. आण्णांनी शपथ घेतली नाही, हे तिच्या लक्षात यायला हवं होतं. पण आपल्या माणसाशी बोलताना कुठे एवढं कान टवकारून बसतो आपण!

वैशाखात एक दिवस समुद्राकडून जोराचा वारा येणार, असा अंदाज आला. शहरात पाण्याचा ठणठणाट होता. सकाळपासून मंडळाच्या साहेबांचे फोन चालू होते. एका मोठ्या दवाखान्याची टाकी कोरडी पडली होती, शस्त्रक्रिया थांबल्या होत्या. एवढा वारा पुन्हा कधी मिळणार? आज पूर्ण उंचीनं पडदा चढवा.

मयूरीच्या शेजारी तिचा सहायक इरफान बसला होता. त्यानं संगणकावरचा आकडा दाखवला. "मॅडम, पूर्ण चढवला तर पायथ्याला सत्तेचाळीस दाखवतंय. चढवायचं?"

"खिडक्या बंद असतील तर घरात छत्तीसच्या वर जाणार नाही." तिनं स्वतःलाच समजावल्यासारखं म्हटलं. "निरोप येऊ देत."

चार गावांचे निरोप आले. हुंबरण्याला ती नेहमी स्वतः फोन करायची. सगळ्या दिवसात बापाशी बोलायची ती एक वेळ, म्हणून.

"आण्णा, खिडक्या?"

"लागल्या समद्या. द्वारकाची कडी निसटत हुती, तार बांधून आलो."

"आज वारा फार गरम उतरणार आहे आण्णा. कुणालाही बाहेर थांबू देऊ नका."

"न्हाय, न्हाय. समदी आत हायेत. दाम्यालाबी आत ढकललाय."

"आणि आपली?"

"आपली तर पयली लावली, बाळा. तू कर तुझं काम. लोकं तहानल्यात तिकडं."

त्यांच्या बोलण्यामागं मशीनची खडखड ऐकू येत होती, आणि कागदांची फडफड. मयूरीनं ती ऐकली. लहानपणापासून चार वाजता तिनं तीच ऐकली होती. ओळखीचा आवाज होता, म्हणूनच तो तिला खटकला नाही. उलट बरं वाटलं. घर जागेवर आहे असं वाटलं.

"जेवलात का नीट?"

"जेवलो. ठिव आता."

तिनं इरफानकडे बघून मान हलवली. फुगे वर सरकले, कापड ताणलं गेलं आणि थोड्याच वेळात पडद्याच्या माथ्यावर पांढरा ढग धरला. पन्हळीत पाणी कोसळायला लागलं. वर हवा सुरेख होती. इरफाननं चहा मागवला.

तास-दीड तासानं, दुसरा चहा निम्मा झाला होता, तेव्हा द्वारकाकाकूचा फोन आला. द्वारकाकाकू म्हणजे आण्णांची शेजारीण. तिला नीट बोलताच येत नव्हतं.

"मयू, तू ये. आण्णा हाक देईनात. मी ब्लाउज न्यायला आले तर खुर्चीत बसल्यात आन बोलत न्हाईत. अंग तव्यावानी तापलंय गं. ये तू लवकर."

"काकू, आत घ्या त्यांना! ओलं करा. खिडकी लावलेली आहे ना?"

काकूनं फोन ठेवला होता.

मयूरीनं पडदा उतरवायला सांगितला आणि जीप काढली. पण एवढं कापड उतरायला तासभर लागतो. तोवर वारा तसाच जाणार होता. तिच्या मागून निघालेला, तिनंच डोंगरावरून ढकललेला वारा तिच्याबरोबर घाट उतरत होता.

जीपमध्ये समोर बाहेरच्या तापमानाचा आकडा होता. माथ्यावर सव्वीस. पहिल्या वळणाला अठ्ठावीस. ती काच खाली करून गाडी चालवत होती, का कोण जाणे. आकडा आपल्याकडे बघतोय, असं तिला वाटत होतं. टेहळणी बुरुजाजवळ बत्तीस. आयुष्यभर ती हेच शिकली होती, हेच तिनं शिकवलं होतं. अमुक मीटर उतरा, अमुक अंश मिळवा. फळ्यावर ती एक तिरकी रेघ मारायची आणि मुलांना म्हणायची, बघा, किती सरळ आहे. आता ती त्या रेघेवरून खाली चालली होती. भैरोबाच्या देवळापाशी अडतीस. वाऱ्याचा पहिला खरा चटका गालाला लागला. तिनं आण्णांना फोन लावला. वाजून वाजून बंद झाला. पुन्हा लावला. ओढ्याच्या पुलावर त्रेचाळीस. तिचे ओठ कोरडे पडले, डोळे चुरचुरायला लागले, आणि रडताना गालावर पाणी आलेलं तिला कळत नव्हतं, कारण ते येता येता वाळत होतं. गावाच्या कमानीत सत्तेचाळीस. यंत्रानं बरोबर सांगितलं होतं.

गाव बंद होतं. एकजात सगळ्या घाटखिडक्या लावलेल्या. आण्णांनी कामात कुचराई केली नव्हती.

त्यांच्या घरात माणसं जमली होती. आण्णांना खाली सतरंजीवर घेतलं होतं आणि ओल्या चादरी टाकल्या होत्या. दामू न्हावी त्यांच्या पायाशी बसून पायाला पाणी लावत होता, आणि कुणीतरी त्याला आता थांब म्हणत होतं, तरी तो थांबत नव्हता. मयूरी आण्णांच्या उशाशी बसली. कपाळावर हात ठेवला. अंगाला घामाचा टिपूस नव्हता.

तिनं वर बघितलं. आता कुणीतरी खिडकी लावली होती. कागद खिळ्यावर गप्प लटकत होते.

"उघडी होती?" तिनं विचारलं.

द्वारकाकाकूनं पदर तोंडाला लावला. "रोजच असायची."

"रोज?"

"गावाची फेरी मारायचे, आमाला आत घालायचे आन सोता हितं येऊन बसायचे. मी भांडले गं. म्हनलं, आण्णा, आमची लावून घेताय आन तुमची उघडी कशी? पारावर तर म्हनताय, वारा गारच हाय. मला म्हनाले, द्वारका, गरम हाय, हे मला कळत न्हाय व्हय? चामडी जळतीया माझी. पर दिसभर हितं कोन येतंय? चार वाजता तेवढं लेकीकडनं कायतरी येतंय. त्याच्या तोंडावर खिडकी कशी लावू?"

मशीनच्या सुईखाली काकूचा ब्लाउज होता. एक बाही लागली होती, एक राहिली होती. मयूरीनं तिकडे बघितलं आणि मग तिला जो हुंदका फुटला, तो आवरायला बायकांना पुढं यावं लागलं. ती एकच वाक्य पुन्हा पुन्हा म्हणत होती, "मी आवाज ऐकला होता. फडफड ऐकली होती मी." कुणाला त्याचा अर्थ लागला नाही.

सगळं उरकलं. पाहुणे आले, गेले. मंडळानं दुःख कळवलं आणि त्याच पत्रात चौकशीचा निष्कर्षही कळवला: नियमाप्रमाणे निरोप मिळाला होता, कुणाचाही दोष नाही. वाचताना मयूरीला वाटलं, कुणीतरी निदान आपल्याला शिव्या तरी द्याव्यात. गावानं त्याही दिल्या नाहीत. रोज कुणा ना कुणाच्या घरून तिला भाकरी येत होती.

पडदा तेवढे दिवस उतरवलेलाच होता. शहरात टँकरमागे माणसं धावत होती, भांडणं होत होती. मंडळाचे साहेब हळू आवाजात, पण रोज फोन करत होते. तुमचं दुःख समजतं, पण लाखो माणसं आहेत. ते खोटं बोलत नव्हते. मयूरीलाही ती माणसं दिसत होती. शेवटी ती म्हणाली, "ठीक आहे. आज चढवू. फेरी मी मारते."

दुपारी ती घराबाहेर पडली. गावातल्या घाटखिडक्या कितीतरी दिवसांनी उघड्या होत्या. लोकांनी खाटा परत पश्चिमेच्या भिंतीला लावल्या होत्या. दामू न्हाव्याची आंधळी आई खिडकीच्या गजांना धरून बसली होती. मयूरीनं दारात उभं राहून म्हटलं, "आजी, आज लावायला लागेल." म्हातारी म्हणाली, "व्हय बाळा, आण्णाची पोर नव्हं तू? लावते की," आणि चाचपडत कडी शोधायला लागली. कुठल्याही घरात कुणी वाद घातला नाही. आण्णांच्या वेळी घालायचे, तेवढासुद्धा नाही. द्वारकाकाकूच्या खिडकीला आण्णांनी बांधलेली तार तशीच होती. काकूनं ती पिळून घट्ट केली.

सगळं गाव बंद करून मयूरी घरी आली. आण्णांच्या खुर्चीवर बसली. कडीला हात घातला.

तेवढ्यात खिळ्यावरचे कागद हलले. आधी एक, मग सगळे.

वारा आला होता. पडदा खाली होता, त्यामुळे डोंगर होता तेवढाच होता, आणि वाऱ्यानं आपलं पाणी वर कुठे ठेवलं नव्हतं. तो ओलसर होता, त्याला जरासा खारट वास होता, आणि तो गार होता. ती शाळेतून येऊन दप्तर टाकून इथं बसायची, तेव्हा होता तसाच. आण्णा पारावर शपथेवर सांगायचे तसाच. तिच्या मानेवरचा घाम निवला, डोळे आपोआप मिटले, आणि ती भिंतीला म्हणाली, "आला."

कितीतरी वेळ ती तशीच बसून राहिली. मग फोन वाजला. वरून इरफान बोलत होता.

"मॅडम, बाकीच्या गावांचे निरोप आलेत. फुगे भरून तयार आहेत. साहेब लाइनवर आहेत. हुंबरण्याच्या खिडक्या लागल्या का?"

मयूरीनं कडीवरचा हात काढून घेतला.

"नाही," ती म्हणाली. "एक उघडी आहे."

इरफानला बहुतेक कागदांची फडफड ऐकू येत असावी.

"कुणाची, मॅडम?"

"आण्णा टेलरची."